रिलिव्हर येईपर्यंत

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
ओ लेव्हल, म्हणजे इथली सिंगापूरची दहावी, कधीच संपली, रिझल्ट अजून लागलेला नाही. म्हणजे मी सध्या ऑफिशियली कोणीच नाही. असा चान्स परत मिळणार नाही. म्हणून ठरवलंय: बाबा बोटीवरून साइन-ऑफ होऊन, म्हणजे ड्यूटी संपवून, घरी यायच्या आत सेलेटार रिझर्व्हॉयरमधून एक पीकॉक बास मासा काढायचा. मोठा. बाबांनी बघितल्यावर चष्मा काढून पुसून परत घातला पाहिजे, एवढा.
बाबा बोटीवर सेकंड इंजिनीअर आहेत. दरवर्षी मार्चमध्ये येतात. आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं सेलेटारला गळ टाकायला जातो. आई नाही, धाकटी बहीण गार्गी नाही, फक्त आम्ही. हा नियम आहे. आजवर एकदाही काही मिळालेलं नाही, तोही आता नियमच झालाय. यंदा मोडणार.
ठराव: रोज सहाला उठणे. काठावर प्रॅक्टिस. गार्गीशी भांडण बंद.

५ फेब्रुवारी, सोमवार
साडेदहाला उठलो. मासे ऊन चढल्यावर जास्त खातात असं कुठेतरी वाचलंय. बहुतेक.
रिझर्व्हॉयरवर जिवंत किडे लावायला बंदी, खोटंच आमिष लावायचं. खोटं बनवण्यात तर मी स्कूल फर्स्ट. गार्गीच्या नवरात्रातल्या घागऱ्याच्या टिकल्या उसवून एक झकास लूर बनवला. पाण्यात असा चमकतो की मीच खाल्ला असता.
गार्गी तेरा वर्षांची आहे आणि कपाट रोज तपासते हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, यू सियाओ आह, दॅट वन माय गरबा वन लह. सियाओ म्हणजे वेडा. आईला हाक मारली. मी म्हटलं, घागऱ्याला झुरळ लागलं असेल. आईने नुसतं बघितलं आणि आत गेली. एरवी लाटणं घेऊन आली असती. आजकाल आई ढिली पडलीय.
भांडण बंदचा ठराव उद्यापासून.

८ फेब्रुवारी, गुरुवार
खालच्या मजल्यावरच्या केल्विनबरोबर सेलेटार. केल्विन माझ्याच वर्गातला, पण त्याला मासे मिळतात. तो म्हणतो, फेब्रुवारी-मार्च बेस्ट, पाऊस थांबतो आणि बास काठाशी येतात, कारण त्यांची पिल्लं काठाशी असतात. आई आणि बाप दोघंही राखण करतात. जवळून काहीही गेलं की तुटून पडतात, भुकेने नाही, रागाने. म्हणजे चिडका मासा शोधायचा. चिडक्या माणसांचा मला अनुभव आहे, मासा काय चीज आहे.
केल्विनला दोन. मला एक प्लॅस्टिकची पिशवी आणि एका अंकलची चप्पल. चप्पल अंकलना परत केली. ते थँक यू म्हणाले नाहीत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
चांगल्या जागेवर सकाळी चालायला येणाऱ्या आंटी लोकांची फार गर्दी. मासे घाबरतात. मी फक्त एका आंटीला हळूच सांगितलं की काल इथे मगर दिसली. एकीलाच सांगितलं.
अर्ध्या तासात दोन गार्ड आणि एक जीप. सगळा काठ बंद केला. मलाही हाकललं. मी म्हटलं, मगर वगैरे काही नसते हो. गार्ड म्हणाला, सेफ्टी फर्स्ट.
केल्विनलाही हाकललं, तो बसमध्ये माझ्यापासून लांब बसला.

१२ फेब्रुवारी, सोमवार
आईला विचारलं, बाबा कोणत्या तारखेला? आई म्हणाली, यंदा नक्की नाही. मी विचारलं, रिलिव्हर मिळाला नाही का? आई म्हणाली, हो, तसंच काहीतरी. आणि कढई घासायला घेतली. कढई स्वच्छ होती.
मला वाटलंच होतं. रिलिव्हर म्हणजे बदली माणूस. तो बोटीवर चढल्याशिवाय आधीच्याला उतरता येत नाही. बाबांचा रिलिव्हर एकदा ताप आला म्हणून तीन आठवडे उशिरा आला होता आणि माझा वाढदिवस त्यात गेला. नवा माणूस आला की हॅंडओव्हर असतो. बाबांनी मला पूर्ण करून दाखवलाय, आमच्या स्वयंपाकघरात. जाणारा पुढे चालतो, येणारा मागे. जाणाऱ्याने बोलायचं, येणाऱ्याने ऐकायचं. कुठला पंप गळतो. काय आवाज करतं पण घाबरायचं नाही. काय आवाज करत नाही आणि त्याच्यावरच नजर ठेवायची. सगळं फिरून झालं की जाणारा आपला टॉर्च येणाऱ्याच्या हातात देतो. टॉर्च घेतला की इंजिन रूम तुझी. नाही घेतला तर हॅंडओव्हर झालाच नाही.
कोणीतरी आळशी माणूस घरी बसून राहिलाय आणि माझे बाबा त्याच्यामुळे अडकलेत. बघतोच.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
बघितलं. बाबांच्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. नाकात बोलून, नॉर्वेचा कॅप्टन म्हणून. नाव सांगितलं कॅप्टन हान्सन. इंग्लिशमध्ये दम भरला की आमच्या सेकंड इंजिनीअर पद्माकर पाटलांना रिलीफ ड्यू आहे, तुम्ही झोपलात काय. पलीकडची बाई घाबरली. कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, सर, मिस्टर पाटील साइन्ड ऑफ इन मुंबई, जानेवारीतच.
मी फोन ठेवला.
मग कळलं. तिने आवाज ओळखला. माझ्यावरच उलटवला. एवढं पटकन सुचणं सोपं नाही. मानलं त्या बाईला.

२१ फेब्रुवारी, बुधवार
चिनी नवं वर्ष आणि हारी राया, म्हणजे ईद, यंदा लागून आले. आमचं सगळं हौगांग बंद. केल्विनकडून संत्री, वरच्या मजल्यावरून केक. बाहेर इतका आनंद की कुठे बसावं कळेना. म्हणून घरात बसलो आणि गार्गीला पिडलं. तिच्या टूथपेस्टमध्ये तिखटजाळ जपानी वसाबी.
तिने तोंड धुतलं आणि रडली नाही. माझ्या समोर बसून सरळ म्हणाली, बाबा इज नॉट ऑन द शिप लह. ठाण्याला आहेत. तिकडे घर घेतलंय. तिकडे एक आंटी आहे. आई आणि बाबांचं गेल्या वर्षीच ठरलं, तुझी परीक्षा होती म्हणून थांबले.
मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं. म्हणे आईने. म्हणे, मी विचारलं म्हणून सांगितलं. यू नेव्हर आस्क, व्हॉट.
गार्गी फार टीव्ही बघते. शिवाय वसाबीचा राग. माझी परीक्षा नोव्हेंबरमध्येच संपली, मग अजून कशाला थांबतील? लॉजिक नाही. मॅथ्समध्ये मी कच्चा असेन, पण एवढं कळतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार
सेलेटार. ऊन. काही नाही.
दोरीला गाठी पडल्या, सोडवण्यात सगळा वेळ गेला. बाबा असते तर दोन मिनिटांत. त्यांची पद्धत आहे, ओढायचं नाही, सैल सोडायचं. मी ओढलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार
रिझल्ट. इंग्लिश पास, मॅथ्स बुडालं, बाकी मधे कुठेतरी. शाळेत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, मीही दोघांच्या पडलो, कोणाला काय कळतंय.
आई ओरडलीच नाही. कागद बघितला, घडी घातली, फ्रिजवर ठेवला. म्हणाली, बस जरा प्रबोध, तुझ्याशी बोलायचंय. मी म्हटलं, आत्ता नाही, माशांची खायची वेळ झालीय. दुपारचे बारा वाजले होते.
सेलेटारला गेलोच नाही. खाली लिफ्टपाशी बसलो. लिफ्ट वर गेली, खाली आली. खूप लोक घरी जातात.
ठराव: मॅथ्स परत. मार्चनंतर. आधी मासा.

३ मार्च, रविवार
मासा मिळाला. म्हणजे मार्केटमध्ये.
विचार असा: बाबांना फोटो पाठवला तर ते स्वतःच कंपनीच्या मागे लागतील, रिलिव्हर पाठवा, पोराने मासा काढलाय. हौगांगच्या मार्केटमधून सगळ्यात मोठा मासा घेतला. इथे त्याला सियाकाप म्हणतात. मासेवाल्या आंटीने सवयीने खवले काढून टाकले, मी नको म्हणेपर्यंत अर्धा नागडा झाला होता. असो, फोटोत कोणाला कळतंय. सेलेटारला नेऊन पाण्यात बुचकळला, तोंडात लूर अडकवला, दोन्ही हातांनी पुढे धरला म्हणजे आणखी मोठा दिसतो. केल्विनने अख्खा रोल संपवला. एका फोटोत मी हसतोय, एकात थकलोय, एकात आकाशाकडे बघतोय. केल्विन म्हणाला, युअर फादर सेलर लह, ही नोज फिश. मी म्हटलं, इंजिनवाले पाण्याकडे बघत नाहीत.
मासा घरी नेला, आईने आमटी केली. छान झाली. कुठून आणला विचारलंसुद्धा नाही.

५ मार्च, मंगळवार
फोटो धुऊन घेतले आणि शैलेंद्रकाकांकडे दिले. काका बाबांच्या बोटीवरचे जुने दोस्त, आता इथे ऑफिसात आहेत, बुकित तिमाहला कॉंडोमध्ये राहतात. म्हटलं, बोटीच्या टपालात टाका. काकांनी पाकीट घेतलं आणि म्हणाले, परवा मुंबईला चाललोय, हातात देतो त्याच्या.
कोणती बोट, कोणतं पोर्ट, काही विचारलं नाही. काकांचं नेटवर्क जबरदस्त आहे. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान असल्यासारखा. मला आवडलं नाही. काढलाही नाही.

१० मार्च, रविवार
बाबांचा फोन. मी पळत जाऊन घेतला.
पहिलं वाक्य: गधड्या, तो जिताडा आहे.
मी म्हटलं, पीकॉक बास आहे. बाबा म्हणाले, मी रेवदंड्याचा आहे, जिताडा मला अंधारात पाठीवरून हात फिरवून कळतो. आजोबा लग्नात जिताडा द्यायचे लोकांना. खाऱ्या पाण्यातला मासा तुझ्या तळ्यात पोहत कसा आला? आणि येताना खवले कुठे काढून आला? मी म्हटलं, इथले मासे जरा मॉडर्न असतात. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी असं हसवू शकतो त्यांना, दुसरं कोणी नाही.
लाइन एकदम क्लिअर होती. एरवी बोटीवरून फोन आला की प्रत्येक शब्द उशिरा पोचतो आणि बाबा रेडिओच्या सवयीने शेवटी ओव्हर म्हणतात. आज एकदाही म्हणाले नाहीत. नवीन मशीन बसवलं असेल. मधे कुकरची शिट्टी झाली. तीन झाल्या. मग एका बाईने विचारलं, गॅस बंद करू का. बोटीवर आता बायकांनाही घेतात, चांगली गोष्ट आहे.
बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. मग म्हणाले, शुक्रवारी येतोय. दोन दिवस. रविवारी सेलेटार.
म्हणजे रिलिव्हर मिळाला. गार्गीला जाऊन सांगितलं. तिने पुस्तकातून डोकं वर केलं नाही. म्हणाली, ओके लह.

१३ मार्च, बुधवार
तयारी. रीलला तेल. बाबांची रॉड पुसली. बाबांची टोपी धुतली, आटली, माझ्या डोक्यावरही बसत नाही. गळ ठेवायच्या पेटीत, टॅकल बॉक्समध्ये, नॉर्वेचं जुनं मासिक सापडलं, त्यात ट्राउट माशाचे फोटो. बाबा म्हणाले होते, एकदा तुला तिकडे नेईन, बर्फ वितळला की नदीत गुडघ्यापर्यंत उभं राहायचं. मासिक परत खाली ठेवलं. मोठे प्रोजेक्ट नंतर.

१५ मार्च, शुक्रवार
बाबा आले. बारीक झालेत. शर्ट नवीन, इस्त्रीचा. बोटीवरून येतात तेव्हा कपड्यांना डिझेलचा वास असतो, आज साबणाचा होता.
राहायला शैलेंद्रकाकांकडे उतरलेत. साहजिक आहे. आमचा मजला सातवा, लिफ्ट थांबते पाचव्यावर आणि नवव्यावर. बाबांचे गुडघे दुखतात. निदान दुखत असतील.
आम्हा दोघांना पराठा आणायला पाठवलं. खाली गार्गी म्हणाली, हळू चाल. मी म्हटलं, भूक लागलीय. ती म्हणाली, प्रबोधदादा, हळू चाल ना. मराठीत. ती मला दादा कधी म्हणत नाही. म्हणून हळू चाललो.
परत आलो तर आई आणि बाबा टेबलाशी समोरासमोर. चहावर साय धरली होती, दोघांच्याही.

१७ मार्च, रविवार
सेलेटार. बाबा आणि मी. नियमाप्रमाणे.
बाबा पाण्यावर कधी बोलत नाहीत, मासे ऐकतात म्हणतात. आज थांबलेच नाहीत. काठाकाठाने पुढे चालत होते, मी रॉड घेऊन मागे. म्हणाले, हीटरमुळे मेन स्विच पडतो, पडला की लगेच वर नाही करायचा, आधी पंखे बंद कर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या नळ्यांत कपड्यांचे बांबू खोचतो ना, तिसरी नळी ढिली आहे, आईला तिथे वाकू देऊ नकोस. गार्गी बसमध्ये वाचते, दरवर्षी डोळे तपासून आण, ती स्वतः सांगणार नाही. मी म्हटलं, बरं बरं. मग म्हणाले, आई ओरडली तर काळजी करायची नाही, ओरडू दे. गप्प बसून स्वच्छ कढई घासायला लागली, की जाऊन शेजारी उभा राहा. काही बोलू नकोस. उभा राहा नुसता. मी ते कधी केलं नाही.
मी म्हटलं, बाबा, मासे ऐकतायत.
तेवढ्यात ओढ आली. खरी. गार्गीच्या टिकल्यांवर. पीकॉक बास, पिवळाधमक, शेपटीवर डोळ्यासारखा गोल. माझ्या पंजाएवढा. बाबांनी मागून रॉड धरायला हात पुढे केला आणि परत मागे घेतला. म्हणाले, तूच काढ. मी ओढला नाही. सैल सोडला, मग घेतला. आला.
बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मासा एवढासा होता.
फोटो काढायला कॅमेरा उघडला तर रोलच नाही. अख्खा रोल जिताड्यावर गेला.
बाबा म्हणाले, सोड त्याला. काठाला पिल्लं असतील त्याची, वाट बघत. सोडला. जरा वेळ तिथेच थांबला, मग गेला.
डबा खाताना सरळ विचारलं. रिलिव्हर कसा आहे तुमचा, चांगला आहे का. बाबांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, वात्रट आहे. पण हुशार आहे. जमेल त्याला.
मग खिशातून टॉर्च काढला. बोटीवरचा, काळा, रबराचा. म्हणाले, ठेव तुझ्याकडे. भर दुपारी. मी म्हटलं, उन्हात टॉर्च कशाला. हात खिशातच ठेवले. बाबांनी थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग टॅकल बॉक्समध्ये टाकला.
मी घेतलेला नाही. त्यांनी बॉक्समध्ये टाकला. हे लिहून ठेवतो. घेतला नाही म्हणजे हॅंडओव्हर झालेला नाही. रूल आहे.
संध्याकाळची फ्लाइट. मुंबई. बोट बहुतेक तिथूनच पकडणार असतील.

१९ मार्च, मंगळवार
काही केलं नाही. केल्विन दोनदा बोलवायला आला. त्याला सांगितलं मासा मिळाला. म्हणाला, फोटो? मी म्हटलं, नाही. म्हणाला, ओके लह, आणि विश्वास ठेवल्यासारखं केलं. चांगला मुलगा आहे.

२० मार्च, बुधवार, पाडवा
आईने सकाळी खिडकीत छोटी गुढी उभारली, दुसऱ्या नळीत. तिसरी मी दोरीने बांधली. विचारलं नाही कोणी.
संध्याकाळी फटकन् सगळं घर बंद पडलं. हीटर. गार्गी आतून ओरडली, तिचं होमवर्क. मग शांत. आणि अंधारात स्वयंपाकघरातून घासल्याचा आवाज.
टॅकल बॉक्स कॉटखाली होता. टॉर्च लगेच हाताला लागला. लावला. सेल कोरे होते. घालून ठेवले होते त्यांनी.
आधी पंखे बंद केले. मग स्विच वर. लाइट आले.
आई घासतच होती. कढई स्वच्छ होती. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. पुष्कळ वेळ. शेवटी तिने नळ बंद केला आणि विचारलं, तुला काय हवंय. मी म्हटलं, काही नाही.
टॉर्च हातातच राहिला होता.